लाल पट्टी आणि येळवस

माझ्या खुर्चीला चाकं आहेत. नांदेडच्या आमच्या ऑफिसात ती मला मिळाली त्याला बरीच वर्षं झाली, तरी बसण्याआधी मी अजून तिला हाताने धरून बघतो. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला चाकांची खुर्ची म्हणजे जरा धाकधुकीचंच काम. कुणी मागून ढकललं तर कुठे जाऊन थांबेल, सांगता येत नाही.

मी मूळचा सावंतवाडीकडचा. मराठवाड्यात आलो तो एका रस्त्याच्या कंत्राटदाराबरोबर, पाण्याच्या टँकरवर. खडी दाबण्याआधी तिच्यावर पाणी मारायचं, एवढंच काम. आता त्याच कंपनीत मी टोळ्यांचं वेळापत्रक लावतो. हे आमच्या वडिलांना अजून नीट पटलेलं नाही. फोनवर विचारतात, "तू रस्तो करतंस म्हणजे नेमका काय करतंस?"

मी म्हणतो, "कोण कुठे जातला ता कॉम्प्युटरात लिहितंय."

"आणि रस्तो कोण करता?"

"ते दुसरे."

"मगे तुका पगार कित्याक देतत?"

त्यांना जे सांगता आलं नाही ते इथे सांगून बघतो.

रस्ता म्हणजे एकावर एक घातलेली पांघरुणं. खाली मुरूम, त्यावर जाड खडी, त्यावर बारीक खडी, सगळ्यात वर डांबर. प्रत्येक पांघरूण नीट दाबून झाल्याशिवाय पुढचं घालायचं नाही. त्यातलं डांबर फार हट्टी. प्लँटमधून निघालं की गरम आहे तोवर पसरलं पाहिजे आणि पसरलं की लगेच दाबलं पाहिजे. म्हणजे प्लँट, डंपर, पसरायचं मशीन, रोलर आणि माणसं ही सगळी साखळी एका वेळी जागेवर हवी. रोलरचा ड्रायव्हर चहाला गेला की मागे डंपरांची रांग लागते आणि डांबर गार होतं. गार झालेल्या डांबराचं काहीही करता येत नाही.

पूर्वी हे सगळं फोनवर आणि आवाजावर चालायचं. ज्याचा आवाज मोठा त्याला रोलर आधी. मग कंपनीने सॉफ्टवेअर घेतलं. पडद्यावर प्रत्येक कामाची एक आडवी पट्टी. एक पट्टी पुढे सरकली की तिला बांधलेल्या मागच्या सगळ्या आपोआप सरकतात. काम वेळेत असेल तर पट्टी हिरवी, रेंगाळलं तर पिवळी, फारच मागे पडलं तर लाल. उद्या कुठे जायचं ते मुकादमांच्या मोबाईलवर आपोआप जातं. हे मला शिकवलं अनुजा मॅडमनी. त्या आमच्या प्लॅनिंगच्या इंजिनियर, पुण्याच्या, वयाने माझ्याहून लहान. एकच गोष्ट मी चौथ्यांदा विचारली तरी त्या पहिल्यांदा सांगितल्यासारखी सांगायच्या. हे उपकार मी विसरणार नाही.

सुरुवातीला गमती झाल्या. सकाळी मुकादमाने हजेरीसाठी टोळीचा फोटो पाठवायचा असा नियम होता. आमच्या एका मुकादमांचा, नागनाथमामांचा, पहिला फोटो आला तो नुसत्या चपलांचा.

मी फोन केला. "मामा, माणसं कुठंयत?"

"चपला मोजा की. तितकीच हायत."

"पण तोंडं दिसायला हवीत."

"बाया म्हणायल्या, तोंडाचा फोटो नगं. चपलांना काय लाज हाय?"

एकदा कंधारकडच्या एका गावातून कुणा गृहस्थांचा फोन आला. माझा नंबर त्यांना कुणी दिला देव जाणे. "तुमच्या मशीनमधी दिसतंय म्हणं रोलर कुणाच्या दारात कधी येणार ते. आमच्या पोरीला बघायला पाहुणे यायलेत. तेवढं दोन तास तुमचा धुरळा आवरा." मी पट्टी थोडी सरकवली आणि ती वेळ गावाबाहेरच्या पुलाला दिली. सोयरीक जमली. आमच्या रोलरवाल्याने पेढे खाल्ले आणि डबा मला रिकामा पाठवला.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

नागनाथमामांची टोळी उदगीरकडच्या खेड्यांतली. वीसेक माणसं, निम्म्या बाया. मी टँकरवर होतो तेव्हापासून मामा मला ओळखतात. तेव्हा आमचं काम हदगाव-किनवटकडे होतं. मी भातखाऊ माणूस, ज्वारीची भाकरी माझ्या घशाखाली उतरायची नाही. मामांच्या बायको, कालिंदामामी, टोळीतच असत, त्या माझ्यासाठी वेगळा मूठभर भात शिजवत आणि रोज म्हणत, "हे कोकणातलं कबुतर हाय, दाणेच टिपतंय." माझं अक्षर बरं आहे हे ऑफिसात जाऊन सांगणारेही मामाच. चाकांच्या खुर्चीचा रस्ता तिथून सुरू झाला.

पुढे उदगीरकडे मोठं काम आलं आणि त्यांची टोळी आपल्या मुलखात आली. सकाळी टेंपोने यायचं, संध्याकाळी घरी. ह्या भागात हे फार मोठं सुख. नाहीतर इथली कितीतरी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, लेकरंबाळं घेऊन. मामांच्या टोळीतली घरं त्यामुळे गावात टिकली होती.

त्याच कामावर दुसरी टोळी होती सुखलालची. मध्य प्रदेशातली, बडवानीकडची. ती रस्त्याकडेलाच पालं टाकून राहायची. दोन्ही टोळ्यांना एकच काम, रस्त्याच्या कडेने पाणी जायला नाली खोदायची. दोघांनाही सारखंच मशीन, सारखेच डंपर. पण सुखलालची पट्टी रोज हिरवी आणि मामांची रोज लाल. सुखलालने खोदलेली नाली मामांच्या दुप्पट भरायची.

मालकांचं ऑफिस लांब, ते पश्चिम महाराष्ट्रातले. त्यांना मोबाईलवर फक्त रंग दिसतात. एके दिवशी मॅडमचा फोन आला. "दीपकदादा, मालक म्हणतायत, महिनाअखेर लाल टोळी बंद करायची. रस्त्याचा पूर्ण पट्टा सुखलालला. तुम्ही जाऊन मुकादमांना सांगून या. फोनवर नको."

"मीच सांगू?"

"तुमचे जवळचे आहेत ना?"

म्हणूनच तर, असं मला म्हणायचं होतं. म्हणालो नाही. एक दिवस टाळला, मग साइटवर डिझेल नेणाऱ्या पिकअपमध्ये बसून निघालो. लोहा गेलं, कंधार गेलं, वाक्य काही जमेना. "मामा, मालकांचं असं म्हणणं आहे" हे एवढं जमायचं, पुढे गाडी अडायची.

साइटवर मामा नव्हते, पाइप आणायला गेले होते. मंगल भेटली. टोळीतली ही चुणचुणीत बाई, हिशोब तोंडावर. माझ्याकडे बघूनच म्हणाली, "काढायला आलाव का आम्हाला?"

"कोण म्हणालं?"

"तुमचा पिकअपवाला. कालच सांगून गेला. मी आज शाळेत जाऊन आले, दीपकभाऊ. पोरगी धाव्वीला हाय. गुरुजीला म्हणलं, दाखला लागंल. माझा दीर ऊसतोडीच्या टोळीत हाय, तिथं एक कोयता कमी हाय म्हणायलेत. मंग तिला मागं कुणापाशी ठिवू?"

"गुरुजी काय म्हणाले?"

"म्हणाले, परीक्षेपर्यंत तरी थांबा बाई. मी म्हणलं, मी थांबते, रस्ता थांबतंय का इचारा."

आठवीतून माझं नाव कमी झालं तेव्हा आमच्या गुरुजींनीही असंच काहीतरी सांगितलं असणार.

तेवढ्यात मामा ट्रॅक्टरवर सिमेंटचे मोठे नळे घेऊन आले. मी पाठोपाठ गेलो. बघतो तर मशीन नाली खोदत चाललेलं आणि जिथे जिथे शेतात जायची वाट रस्त्याला मिळते तिथे थांबलेलं. तिथे नाली खोदून लगेच नळा टाकायचा, वर मुरूम भरायचा, पायांनी, धुमसाने दाबायचा आणि मगच पुढे सरकायचं. एका वाटेपायी अर्धा दिवस. आणि ह्या भागात वाटा काय कमी आहेत? दर चार बांधांआड एक.

"मामा, वाटा तर शेवटी करायच्यात. आराखड्यात तसंच आहे. आधी सगळी नाली, मग काँक्रीट, मग वाटा. म्हणूनच तुम्ही लाल."

"लाल तर लाल. परवा येळवस हाय. लोक शेतात कसे जातील?"

"येळवस म्हणजे?"

मामांनी नळ्यावरचा हात काढला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं माझ्या अंगावर कपडे नाहीत. मग ते बायांकडे वळून ओरडले, "ऐकलं का गं? ह्याला येळवस मालूम न्हाई!"

बाया पोट धरून हसल्या. मंगलही हसली, आणि ते मला जरा बरं वाटलं.

खरंच माहीत नव्हतं. हदगाव-किनवटकडे असताना मामा थंडीत दोन दिवस गावी जाऊन यायचे. मी समजायचो, काही घरचं काम असेल. सॉफ्टवेअरने सुट्ट्या विचारल्या तेव्हा मी सरकारी यादी बघून भरल्या होत्या. येळवस म्हणजे वेळ अमावस्या; तिची सुट्टी स्थानिक असते, त्या यादीत ती नव्हतीच. ऑफिसातल्या इथल्या कुणी आठवण केली नाही, कारण जे सगळ्यांना माहीत असतं ते कुणी कुणाला सांगत नाही. तेव्हा त्या दिवशी माझ्या पडद्यावर उदगीरकडे डांबराचं पूर्ण दिवसाचं काम लावलेलं होतं.

मामांनी मग मला लेकराला सांगावं तसं सांगितलं. "शेतात पाच दगड मांडायचे, चुना लावायचा. ते पांडव. वर कडब्याची कोप करायची, बारकं खोपट. बाया सगळं रांधून डोक्यावर घेऊन जात्यात, शेंगा-पाल्याची भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे. पूजा शेतात, जेवण शेतात. नोकरीवाला असू दे, वकील असू दे, त्या दिवशी शेतात. ज्याला शेत न्हाई तो दुसऱ्याच्या शेतात. गावात चिटपाखरू ऱ्हात न्हाई. आता तू सांग, वाटंवर हे एवढं खोल चर. म्हातारीकोतारी काय उड्या मारतेत?"

"आणि सुखलालकडे?"

मामांनी हाताने पुढचा रस्ता दाखवला. "तिकडं बगून ये," म्हणाले.

सुखलालची नाली बघून कुणालाही अभिमान वाटावा. सरळ, स्वच्छ, लांबच लांब. आणि पलीकडे जायला एकही जागा नाही. काठावर गावकऱ्यांचा घोळका उभा होता. पांढऱ्या मिशांचे एक आजोबा मला म्हणाले, "तुम्ही सायेब का?"

"सायेब नाही. मी फक्त कामं लावतो."

"मंग ही तुम्हीच लावली. आमचे पांडव तिकडं, आम्ही हिकडं. ऐका. उद्यापर्यंत वाट झाली तर झाली. न्हाईतर येळवसीच्या सकाळी सगळं गाव खोरं-टिकाव घिऊन येईल आणि तुमची नाली जशी होती तशी बुजवील. भांडण न्हाई, तंटा न्हाई. नुसती बुजवायची."

सुखलाल हात जोडून उभा. "दीपकभाई, मोबाइल में जो आया, वही किया मैंने।" त्याचं खरंच होतं. मोबाईलवर आलेलं मीच पाठवलेलं होतं.

मी बाजूला जाऊन मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं. डांबराचा दिवस पुढे ढकलायला त्या लगेच तयार झाल्या. वाटांचं म्हणालो तेव्हा थांबल्या.

"वाटा आत्ता घेतल्या तर नाली थांबेल. सुखलालही लाल होईल. दोन्ही पट्ट्या लाल बघून मालक काय करतील माहितीय ना?"

"मॅडम, मामा आजवर ज्या वाटा करतायत त्या कुठे मोजल्याच जात नाहीत. आपल्या कामांत 'शेतवाट' असं कामच नाही. ते घातलं तर?"

"घालता येईल. पण पुढचे दोन दिवस नालीचं काम शून्य दिसेल. मालक परदेशी निघालेत, विमानात आहेत, आज विचारता येणार नाही. दादा, मालकांनी विचारलं, हे कुणी बदललं, तर मी काय सांगू?"

डोळ्यांसमोर एकदम खुर्ची आली नाही, टँकर आला. पुन्हा त्याच्यामागे नळी धरून चालणारा मी. कसाबसा म्हणालो, "माझं नाव सांगा."

पलीकडून कळफलकाचा आवाज आला. "केलं नवीन काम. नाव तुमचं आणि माझं, दोघांचं."

आता प्रश्न माणसांचा. सुखलालच्या टोळीला एकटीला एवढ्या वाटा होणाऱ्या नव्हत्या. मी मामांकडे परत गेलो आणि जी बातमी सांगायला आलो होतो ती आधी सांगितली. महिनाअखेर बंद, पट्टा सुखलालला. मग त्याच दमात म्हणालो, "आणि आता तुमची टोळी सुखलालच्या मदतीला हवीय."

मंगलच पुढे आली. "आम्हाला काढून ज्याला ठिवणार, त्याचं काम आम्ही करायचं? हा कुठला तुमचा कोकणातला न्याव हाय?"

बाकीच्याही बोलायला लागल्या. मामांनी तंबाखू मळली, तोंडात टाकली. सगळ्यांचं बोलून होऊ दिलं.

"पांडवांनी बारा वर्षं वनवास भोगला," ते म्हणाले, "पण त्यांच्या आडवी नाली कुणी खोदली नव्हती. चला गं. ट्रॅक्टरात बसा."

"मामा, आन् पुढं?" मंगल म्हणाली.

"पुढं ऊस हायच की तोडायला. तो कुठं पळून चाललाय?"

मंगल सगळ्यांत शेवटी बसली, पण बसली.

तो दिवस आणि दुसरा दिवस दोन्ही टोळ्या एका पट्ट्यावर राबल्या. मी पण हातात फावडं घेतलं. सॉफ्टवेअरवाल्या हातांना दुसऱ्या सकाळीच फोड आले, तेव्हा कालिंदामामींनी "कबुतराचे पंख झडले" म्हणून सगळ्यांना दाखवले. नळे कमी पडले. तेव्हा सुखलालच्या डोक्यातून निघालं, की जिथे फक्त पायवाट आहे तिथे नळा कशाला? त्याने स्लॅबसाठी आणलेल्या लोखंडी प्लेटा नालीवर आडव्या टाकल्या, खाली बल्ल्यांचा टेकू दिला आणि स्वतः त्यावर उड्या मारून दाखवल्या. गावातले लोक खोरी-टिकाव घेऊन आले ते मुरूम ओढायला. पांढऱ्या मिशांचे आजोबा काठावर बसून, कोणती वाट कुणाची आणि कुणाची बैलगाडी रुंद, हे सांगत होते. सांज व्हायच्या आत शेवटची वाट झाली.

येळवसीच्या सकाळी मी रस्त्यावर उभा होतो. असं दृश्य मी पूर्वी पाहिलेलं नव्हतं. टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बाया, मोटारसायकलवर मधे मडकं धरून बसलेली माणसं, बैलगाड्या, चारचाक्या, सगळं गाव रस्ता ओलांडून शेतात उतरत होतं. नळ्यावरून गाड्या गेल्या, प्लेटांवरून माणसं गेली. प्लेटा खणखण वाजत होत्या आणि प्रत्येक आवाजाला माझा जीव वरखाली होत होता. खाली कुणीच बघत नव्हतं. वाट होती तिथे आहे, त्यात बघायचं काय?

मामांनी मला आणि सुखलालच्या सगळ्या टोळीला आपल्या शेतात नेलं. चुन्याने पांढरे केलेले पाच दगड, वर कडब्याची कोप, पलीकडे ज्वारी उभी. मी पाटीभर भज्जी खाल्ली. भात मागितला नाही. सुखलाल तिसऱ्यांदा आंबील मागत होता तेव्हा माझा मोबाईल वाजला. मॅडम. मी कोपीमागे जाऊन उभा राहिलो.

"मालकांचा फोन झाला," त्या म्हणाल्या.

"काय म्हणाले?"

"आधी रागावले. दोन दिवस नाली शून्य का म्हणून. मग मी त्यांना शेतवाट हे काम उघडून दाखवलं. मागच्या सगळ्या वाटा भरल्यावर नागनाथ मुकादमांची पट्टी पिवळी झालीय, हिरव्याच्या अगदी जवळ. आणि सुखलालची पण पिवळी, कारण त्याच्या सगळ्या वाटा राहिलेल्या दिसतात. मालकांनी ते दोनदा उघडून बघितलं. मग म्हणाले, गावाने नाली बुजवली असती तर किती दिवस गेले असते, ते सॉफ्टवेअरला विचार."

"आणि मग?"

"दोन्ही टोळ्या ठेवायच्या. वाटा नागनाथ मुकादमांनी पुढे करत जायच्या, मधली नाली सुखलालने. पूर्ण रस्ता संपेपर्यंत. ओरडा मात्र आपल्याला बसलाय, दोघांना. न विचारता बदल केला म्हणून. सोमवारी लेखी येईल."

लेखी येणार म्हटल्यावर एरवी माझी झोप उडाली असती. त्या वेळी मला ते एखाद्या बक्षिसासारखं वाटलं.

मी पंगतीत परत आलो. मामांना हळूच सांगायचं ठरवलं होतं, पण माझा चेहरा बघून सगळेच थांबले. मग उभ्या उभ्याच सांगितलं. रस्ता संपेपर्यंत. दोन्ही टोळ्या.

मामा म्हणाले, "बरं. बस, जेव." एवढंच. सुखलालने मामांच्या पाठीवर थाप मारली आणि हातातली आंबील अर्धी स्वतःच्या अंगावर सांडली. बाया हसल्या.

मंगल वाढत होती. तिने पातेलं खाली ठेवलं, पदराने हात पुसले आणि मला विचारलं, "रस्ता संपंस्तवर म्हंजे किती? परीक्षा मार्चात हाय."

मी मोबाईल उघडला, पट्ट्या सरकवत सरकवत शेवटपर्यंत गेलो आणि तिच्यासमोर धरला. तिला वाचता येत नाही. मी बोटाने दाखवलं, मार्च इथे, आणि काम इथवर, पावसाळ्यापर्यंत.

तिने त्या दोन जागांमधलं अंतर बोटांनी मोजलं.

"मंग उद्या शाळेत जाऊन येते," ती म्हणाली. "गुरुजीला सांगते, दाखला नगं. सकाळी तासभर उशीर होईल, तेवढं तुमच्या त्या मशीनमधी लिवून ठिवा."